कापेल केलिन: धरणाखाली गेलेल्या एका वेल्श गावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापेल केलिन हे गाव नेमके कोठे होते?

वेल्सच्या वायव्य भागात, जुन्या मेरियनेथ परगण्यात म्हणजे आजच्या ग्विनेद काउंटीत, बाला नावाचे बाजारपेठेचे एक छोटे शहर आहे. तेथून काही किलोमीटर वायव्येला त्रवेरिन नदीचे खोरे लागते. ही नदी डोंगराळ भागातून उतरत बालाजवळ डी नदीला मिळते, आणि तिच्या काठी कापेल केलिन वसलेले होते. खोऱ्याच्या दक्षिणेस आरेनिग वाउर हे ८५४ मीटर उंचीचे शिखर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टस जॉन आणि जे. डी. इनिस या चित्रकारांनी या परिसरात मुक्काम करून या डोंगराची अनेक चित्रे रंगवली. १९५१ साली स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यान घोषित झाले तेव्हा हे खोरे त्याच्या हद्दीत आले. म्हणजे पुढे ज्या भूमीवर इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराच्या महापालिकेने धरण बांधून लिन केलिन जलाशय तयार केला, ती त्या वेळी कायद्याने संरक्षित निसर्गक्षेत्र मानली जात होती.

गाव किती मोठे होते आणि लोकांचा चरितार्थ कशावर चाले?

गाव अगदी लहान होते. एक चॅपेल म्हणजे छोटे प्रार्थनागृह व त्याला लागून दफनभूमी, एक प्राथमिक शाळा, एक टपाल कार्यालय, आणि घरे व शेतवाड्या मिळून बारा. बुडीत क्षेत्रात सुमारे ६७ माणसे राहत होती व त्यांपैकी ४८ जणांची राहती घरे गेली. मुख्य व्यवसाय मेंढपाळीचा. खोऱ्याच्या तळातील सपाट कुरणांवर हिवाळ्यासाठी गवत कापून साठवायचे आणि उन्हाळ्यात मेंढ्या डोंगरउतारावर चरायला सोडायच्या, अशी तेथील शेतीची रीत होती. या शेतीत तळाची सपाट जमीन सर्वांत मोलाची असते, कारण जनावरांचा हिवाळा तिच्यावर निघतो. नेमकी तीच जमीन पाण्याखाली गेली, त्यामुळे ज्यांची घरे वरच्या अंगाला शिल्लक राहिली त्यांच्याही शेतीचा कणा मोडला. बुडालेल्या क्षेत्राचे मोजमाप सुमारे ८०० एकर असे दिले जाते, परंतु केवळ एकरांच्या आकड्यावरून या नुकसानीची कल्पना येत नाही.

गावाची वाढ कशी झाली?

खोऱ्यातील वस्ती गावाच्या नावाहून जुनी आहे. सतराव्या शतकात येथील हावोद वादोग या शेतवाडीत क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक प्रार्थनेसाठी जमत असत. त्या काळी इंग्लंडच्या राज्यमान्य चर्चबाहेरच्या पंथांना दंड, जप्ती आणि तुरुंगवास सोसावा लागे. त्या छळाला कंटाळून १६८०च्या दशकात बाला परिसरातील अनेक क्वेकर कुटुंबे अटलांटिक ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेली. ती शेतवाडी आता पाण्याखाली आहे, पण तिची आठवण सांगणारा एक दगडी फलक जलाशयाच्या काठावर उभारलेला आहे.

पुढे अठराव्या शतकात वेल्समध्ये मेथडिस्ट पंथाची मोठी लाट आली आणि बाला हे तिचे एक प्रमुख केंद्र बनले. एकोणिसाव्या शतकात त्रवेरिन खोऱ्यातही चॅपेल उभे राहिले आणि विखुरलेल्या शेतवाड्यांना एक मध्य मिळाला. वेल्श खेड्यांत चॅपेलचे काम रविवारच्या प्रार्थनेपुरते नसे. मुलांना मातृभाषेत वाचायला शिकवणारी रविवारची शाळा, चार स्वरांत गाण्याचा सराव, वक्तृत्वाच्या व कवितेच्या स्पर्धा, आजारी शेजाऱ्याला मदत, या सर्वांची सूत्रे तेथूनच हलत. गावाला चॅपेलचेच नाव मिळाले (वेल्शमध्ये ‘कापेल’ म्हणजे चॅपेल), ते या अर्थाने योग्यच होते.

१८८२ साली बाला ते फेस्टिनिऑग हा रेल्वेमार्ग खोऱ्यातून गेला. लोकर, जनावरे आणि माणसे यांची ये-जा त्यामुळे सोपी झाली. १९३० साली कापेल केलिनला स्वतःचा छोटा थांबाही मिळाला. यापलीकडे मोठे उद्योग येथे आले नाहीत. उत्तर वेल्समधील इतर अनेक गावे स्लेटच्या खाणींमुळे फुगली आणि खाणी बसल्यावर ओस पडली. कापेल केलिनची चाल मात्र संथ राहिली.

इतक्या लहान गावाला सांस्कृतिक महत्त्व का दिले जाते?

कारण तेथील जगणे जवळजवळ पूर्णपणे वेल्श भाषेत चालत असे. १९६१च्या जनगणनेत संपूर्ण वेल्समध्ये वेल्श बोलणाऱ्यांचे प्रमाण २६ टक्क्यांपर्यंत उतरले होते. शहरांत आणि कोळसा खाणींच्या दक्षिण भागात घरातली मुले इंग्रजीकडे वळत होती. अशा काळात ज्या थोड्या खोऱ्यांत शाळा, शेती, बाजार, भजन आणि भांडण सर्व काही वेल्शमध्ये होत होते, त्यांपैकी त्रवेरिन एक होते. लोकगायक म्हणून संपूर्ण वेल्समध्ये नाव मिळवलेले बॉब रॉबर्ट्स याच पंचक्रोशीतले शेतकरी होते. १९५१ साली त्यांचे निधन झाले. अशी माणसे एखाद्या संस्थेच्या अनुदानावर तयार होत नाहीत. त्यांच्यामागे पिढ्यान्‌पिढ्या संध्याकाळी एकत्र जमून गाणारा समाज असावा लागतो. माझ्या मते या प्रकरणात भरपाईचा हिशेब कधीच जुळू शकला नाही तो यामुळे: घराची किंमत ठरवता येते, परंतु अशा समाजाची बांधणी कोणत्याही अधिग्रहणाच्या नोटिशीत मोजली जात नाही.

लिव्हरपूलला याच खोऱ्यातील पाणी का हवे होते?

दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूलवर प्रचंड बाँबवर्षाव झाला होता. युद्धानंतर नव्या वसाहती उभारायच्या होत्या, दाट झोपडपट्ट्या हटवायच्या होत्या आणि मर्सी नदीच्या काठावरील उद्योग वाढवायचे होते. शहराची गरज खोटी नव्हती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. मात्र मागणी केलेल्या पाण्याचा मोठा भाग घरगुती वापरासाठी नसून उद्योगांसाठी व इतर संस्थांना विकण्यासाठी आहे, असा आक्षेप विरोधकांनी सुरुवातीपासून घेतला.

वेल्सच्या डोंगरांत पाऊस भरपूर पडतो आणि अरुंद खोरी धरणासाठी सोयीची असतात, म्हणून इंग्लंडमधील शहरांची नजर तिकडे आधीपासून होती. लिव्हरपूलनेच १८८०च्या दशकात व्हर्न्वी नदीवर धरण बांधून लानुदिन हे गाव बुडवले होते. बर्मिंगहॅमने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत एलान खोऱ्यात धरणांची साखळी उभी केली. १९५५च्या सुमारास लिव्हरपूलने आधी डोलानोग या ठिकाणाचा विचार केला होता. तो परिसर वेल्श भक्तिगीतकार ॲन ग्रिफिथ्स यांच्या स्मृतीशी जोडलेला असल्याने तीव्र विरोध झाला, आणि महापालिका त्रवेरिनकडे वळली.

गावकऱ्यांना ही बातमी कशी कळली?

वर्तमानपत्रातून. डिसेंबर १९५५ मध्ये योजना छापून आली तेव्हा आपली घरे बुडणार आहेत हे लोकांना प्रथम समजले. त्याआधी योजना आखणाऱ्यांपैकी कोणी गावात येऊन बोलले नव्हते.

गावकऱ्यांनी विरोध कसा केला?

१९५६ साली त्रवेरिन संरक्षण समिती स्थापन झाली. सभा, निवेदने, पत्रव्यवहार आणि शिष्टमंडळे हा तिचा मार्ग होता. प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रीय पक्षाचे अध्यक्ष ग्विन्फॉर एव्हान्स यांनी प्रश्न हाती घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते लिव्हरपूल महापालिकेच्या सभागृहात गावाची बाजू मांडण्यासाठी उभे राहिले, तेव्हा आरडाओरडा करून त्यांचे बोलणे बंद पाडण्यात आले आणि त्यांना बाहेर काढले गेले.

त्यानंतर २१ नोव्हेंबर १९५६ रोजी जवळजवळ सगळे गाव लिव्हरपूलला गेले. म्हातारी माणसे, शेतकरी, बायका आणि शाळकरी मुले हातात फलक घेऊन त्या मोठ्या शहराच्या रस्त्यांवरून चालली. तुमची घरे सुरक्षित आहेत, आमची वाचवा, अशा आशयाचे शब्द त्या फलकांवर होते. त्या मोर्चाची छायाचित्रे उपलब्ध आहेत आणि ती अवश्य पाहावीत. रविवारचे ठेवणीतले कपडे घातलेली ती माणसे कोणाला धमकावण्यासाठी नव्हे, तर विनंती करण्यासाठी गेली होती, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून स्पष्ट दिसते.

या विनंतीला एक आणखी संदर्भ होता. लिव्हरपूल हे वेल्श लोकांना परके शहर नव्हते. एकोणिसाव्या शतकापासून उत्तर वेल्समधील हजारो लोक तेथे कामासाठी जात होते. तेथे वेल्श चॅपेले होती, आणि वेल्सचा राष्ट्रीय काव्य-संगीत महोत्सव आयस्टेदवॉड १८८४, १९०० व १९२९ साली त्याच शहरात भरला होता. आपल्याच माणसांनी वाढवलेल्या शहराकडून असा निर्णय यावा, याचे दुःख वेगळे होते.

वेल्समध्ये एवढा विरोध असताना कायदा मंजूर कसा झाला?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याच्या उत्तरातच या प्रकरणाचे मर्म आहे.

नेहमीच्या मार्गाने गेले असते तर लिव्हरपूलला वेल्समधील स्थानिक नियोजन अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागली असती. ती मिळण्याची शक्यता नव्हती. म्हणून महापालिकेने लंडनच्या संसदेत खासगी विधेयक आणले. अशा विधेयकाने जमीन सक्तीने घेण्याचा अधिकार थेट संसदेकडून मिळतो आणि स्थानिक परवानगीची गरजच उरत नाही. वेल्समधील शंभराहून अधिक स्थानिक संस्थांनी विरोधाचे ठराव केले होते. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही विधेयकाच्या बाजूने मत दिले नाही. परंतु सहाशेहून अधिक सदस्यांच्या सभागृहात वेल्सच्या खासदारांचा विरोध पुरेसा ठरत नव्हता. त्या काळी वेल्ससाठी स्वतंत्र मंत्रालय नव्हते. वेल्श व्यवहारांचा कार्यभार गृहनिर्माण व स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री हेन्री ब्रुक यांच्याकडे जोडून दिलेला होता, आणि त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. १ ऑगस्ट १९५७ रोजी विधेयकाला राजसंमती मिळाली.

यात कोठेही नियमभंग झाला नाही. प्रत्येक पायरी कायदेशीर होती. एखाद्या राष्ट्राच्या सर्व निवडून आलेल्या प्रतिनिधींनी पाठिंबा नाकारूनही त्या राष्ट्रातील गाव बुडवता येते आणि त्यासाठी कायदा वाकवावाही लागत नाही, हे वेल्श लोकांना त्या वर्षी कळून आले. पाण्याची गरज खरी होती की नव्हती, किती पाणी लागणार होते, दुसरी जागा सोयीची होती का, या सर्व वादांपेक्षा मला हा मुद्दा अधिक गंभीर वाटतो. ज्यांची घरे जाणार होती त्यांची संमती हा त्या प्रक्रियेत विचारात घेण्याचा विषयच नव्हता.

गाव प्रत्यक्षात कसे रिकामे झाले?

एका दिवसात नव्हे, तर काही वर्षे लागून. रेल्वेमार्गावरील प्रवासी वाहतूक जानेवारी १९६० मध्ये बंद झाली आणि पुढच्या वर्षी मालवाहतूकही थांबली. शाळा १९६३च्या उन्हाळ्यात बंद झाली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला चॅपेलमध्ये शेवटची प्रार्थना झाली व तिला दूरदूरहून लोक आले. त्यानंतर इमारती पाडण्यात आल्या आणि झाडे तोडण्यात आली.

दफनभूमीचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. नातेवाइकांच्या इच्छेनुसार आठ जणांचे अवशेष दुसरीकडे हलवले गेले, उरलेले तेथेच राहिले. थडग्यांवरील दगड काढून घेतले गेले आणि जागेवर काँक्रीटचा थर टाकण्यात आला.

विस्थापितांचे पुनर्वसन झाले का?

भरपाई मिळाली आणि काही कुटुंबांची सोय जवळच्या व्रोनगोख गावात झाली. बाकीची बाला व आसपासच्या भागांत पांगली. लानुदिन बुडवताना एकोणिसाव्या शतकात निदान नवे गाव वसवले गेले होते. कापेल केलिनच्या वाट्याला तेही आले नाही, सगळ्यांना एकत्र बसवणारे नवे गाव उभे राहिले नाही.

बांधकामाच्या ठिकाणी घातपात झाले होते, हे खरे आहे का?

होय. सप्टेंबर १९६२ मध्ये दोन तरुणांनी बांधकामावरील विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधील तेल सोडून दिले. त्यांना दंड झाला. १० फेब्रुवारी १९६३ रोजी ट्रान्सफॉर्मरखाली स्फोट घडवण्यात आला. त्याबद्दल एमिर लेवेलिन जोन्स या विद्यापीठीय विद्यार्थ्याला एक वर्षाचा कारावास झाला. या स्फोटात कोणी जखमी झाले नाही. गावकऱ्यांची चळवळ मात्र प्रथमपासून सनदशीर होती आणि समितीने हिंसेचा मार्ग कधी धरला नाही, म्हणून या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

उद्घाटनाच्या दिवशी काय घडले?

२१ ऑक्टोबर १९६५ रोजी लिव्हरपूल महापालिकेने धरणावर समारंभ ठेवला. शेकडो निदर्शक जमले, घोषणा सुरू झाल्या, ध्वनिक्षेपकाच्या तारा तोडल्या गेल्या आणि भाषणे कोणालाच ऐकू आली नाहीत. सुमारे तीन मिनिटांत समारंभ आटोपला.

पाण्याखाली अजूनही घरे उभी आहेत का?

नाहीत. बुडालेल्या गावातून घंटेचा आवाज येतो, अशा दंतकथा अनेक जलाशयांविषयी सांगितल्या जातात आणि त्या येथेही चिकटवल्या जातात. घरे, शाळा आणि चॅपेल पाणी चढण्यापूर्वीच पाडलेली होती. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी बरेच ओसरले तर भिंतींचे पाये, कुंपणांच्या दगडी रांगा, जुन्या रस्त्याचे तुकडे आणि झाडांचे बुंधे उघडे पडतात, एवढेच.

लिन केलिन जलाशयातील पाणी नळाने लिव्हरपूलला जाते का?

थेट जात नाही, आणि ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. सुमारे चार किलोमीटर लांबीचा, कमाल ४३ मीटर खोलीचा आणि सुमारे ७ कोटी १० लाख घनमीटर क्षमतेचा हा जलाशय मुख्यतः डी नदीचा प्रवाह नियंत्रित करण्यासाठी वापरला जातो. पावसाळी दिवसांत पाणी अडवून ठेवायचे आणि नदी आटू लागली की त्रवेरिनमधून सोडायचे. हे पाणी बालाजवळ डी नदीत उतरते, नदीपात्रातूनच शंभराच्या आसपास किलोमीटर वाहत जाते आणि खाली चेस्टरजवळ उचलून शुद्ध केले जाते. धरणाच्या पायथ्याशी छोटे जलविद्युत केंद्रही आहे. याच नियंत्रित विसर्गामुळे त्रवेरिन नदीवर उन्हाळ्यातही वेगवान पाणी मिळते, म्हणून तेथे वेल्सचे राष्ट्रीय श्वेतजल केंद्र, म्हणजे खळाळत्या पाण्यातील नौकानयनाचे केंद्र, उभे राहिले. १९८१ साली कनू स्लॅलमची (खळाळत्या पाण्यात छोटी होडी ठरावीक फाटकांतून नेण्याच्या खेळाची) जागतिक अजिंक्यपद स्पर्धा येथे झाली होती.

या घटनेचा वेल्सच्या राजकारणावर काय परिणाम झाला?

येथे घाईने सरळ रेषा ओढणे टाळावे. १९५९च्या निवडणुकीत ग्विन्फॉर एव्हान्स याच मेरियनेथ मतदारसंघातून उभे राहिले आणि हरले. म्हणजे संतापाचे रूपांतर लगेच मतांत झाले नाही. पण प्रश्न मनांत राहिला. १९६२ साली साहित्यिक सॉन्डर्स लुईस यांनी वेल्श भाषेच्या भवितव्यावर नभोवाणीवर प्रसिद्ध व्याख्यान दिले, त्यातही त्रवेरिनचा उल्लेख होता. त्या व्याख्यानातून प्रेरणा घेऊन वेल्श भाषा संघटना स्थापन झाली. १९६४ साली वेल्ससाठी स्वतंत्र मंत्रिपद निर्माण झाले आणि जेम्स ग्रिफिथ्स पहिले मंत्री झाले. १४ जुलै १९६६ रोजी कारमार्थनच्या पोटनिवडणुकीत एव्हान्स विजयी झाले व प्लाइड कम्रीला पहिला खासदार मिळाला. पुढच्या वर्षी वेल्श भाषेला न्यायालयात काही अधिकार देणारा कायदा आला. १९९७च्या सार्वमतानंतर १९९९ साली कार्डिफमध्ये वेल्सचे विधिमंडळ सुरू झाले.

या प्रत्येक घटनेमागे इतरही कारणे होती: कोळसा उद्योगाची घसरण, शिक्षणाचा प्रसार, दोन मोठ्या पक्षांविषयीची निराशा. तरीही निर्णय वेल्समध्येच व्हावेत या मागणीला त्रवेरिनने जे ठोस उदाहरण दिले, ते दुसऱ्या कोणत्याही युक्तिवादाने दिले नसते.

भिंतीवरील ‘कोव्यूख द्रवेरिन’ ही अक्षरे कोणी लिहिली?

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ॲबरिस्टविथ शहराच्या दक्षिणेला, लानरिस्टिड गावाजवळच्या महामार्गालगत एका पडक्या दगडी घराची भिंत आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तरुण लेखक मायक स्टीव्हन्स यांनी तिच्यावर त्रवेरिनचे स्मरण ठेवा, असे आवाहन रंगवले. अनेकदा ते खोडले गेले आणि पुन्हा रंगवले गेले. २०१९ साली भिंतीचा काही भाग पाडण्यात आला, तेव्हा लोकांनी स्वतः जाऊन दगड रचले. नंतर वेल्समध्ये जागोजागी तशाच भिंती रंगवल्या गेल्या. धरणानंतर कित्येक वर्षांनी जन्मलेली मुले त्या रंगवत होती, याचे मला विशेष वाटते. मात्र त्या दोन शब्दांमागे मेंढ्या पाळणारी, गाणारी, टपाल कार्यालयात गप्पा मारणारी खरीखुरी माणसे होती, त्यांची ओळख घोषणेआड झाकली जाऊ नये.

लिव्हरपूलने माफी मागितली का?

मागितली. ऑक्टोबर २००५ मध्ये लिव्हरपूल महापालिकेने चाळीस वर्षांपूर्वी झालेल्या दुखापतीबद्दल आणि आधीच्या महापालिकेच्या असंवेदनशीलतेबद्दल अधिकृतपणे क्षमायाचना केली. काही विस्थापितांनी तिचे स्वागत केले, तर काहींना ती फार उशिरा आलेली वाटली. दोन्ही प्रतिक्रिया समजण्यासारख्या आहेत.

आज तेथे गेल्यास काय पाहता येते?

बाला ते ट्राउसविनिथ हा ए ४२१२ रस्ता जलाशयाच्या उत्तर काठाने जातो. जुना रस्ता बुडाल्यामुळे तो नव्याने बांधावा लागला. काठावर स्मृतिचॅपेल आहे. त्याच्या बांधकामात जुन्या चॅपेलचे दगड वापरले आहेत, आणि शेजारच्या बागेत दफनभूमीतून हलवलेले काही थडग्यांचे दगड ठेवलेले आहेत. क्वेकरांचा फलकही याच रस्त्यालगत आहे. धरणाच्या खालच्या बाजूला व्रोनगोख लागते. १९१६च्या डब्लिनमधील उठावानंतर मायकेल कॉलिन्स यांच्यासह आयरिश बंदिवानांना ज्या छावणीत ठेवले होते ती येथेच होती. हाताशी अर्धा दिवस असेल तर तीही जागा पाहून घ्यावी. जलाशयाच्या काठी हवा लवकर बदलते आणि वारा बोचरा असतो, त्यामुळे उन्हाळ्यातही गरम कपडे व पावसाळी कोट बरोबर ठेवावा.